गल्ली आधी, इमारत नंतर : कोथरूडमधल्या एका पुनर्विकासाच्या नोंदी

8 जानेवारी 2025, बुधवार

इथली साइट इंजिनिअर म्हणून सकाळी सातला सुपरवायझरला घेऊन गल्ली मोजली. गाड्या अजून जागच्या हललेल्या नव्हत्या, त्यामुळे खरी परिस्थिती दिसली. नकाशावर रस्ता 6 मीटरचा. प्रत्यक्षात एका कडेला चारचाकी, दुसऱ्या कडेला दुचाकी, आणि मध्ये कुठे 3 मीटर, कुठे त्याहून कमी. आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) मिक्सर अडीच मीटर रुंद, भरलेला असला की वजन 25 टनांच्या आसपास. गल्लीच्या तोंडापासून आमच्या फाटकापर्यंत सुमारे 90 मीटर, आणि अर्ध्यावर काटकोनातलं वळण. वळणावर एका बंगल्याची दगडी कंपाउंड भिंत, तिला लागून ड्रेनेजचं चेंबर, त्यावर तडा गेलेलं झाकण.

जुनी तीन मजली, बारा बिऱ्हाडांची सोसायटी पाडून त्याच जागी पार्किंग आणि वर पाच मजले असं काम आहे. रस्ता 9 मीटरपेक्षा कमी, त्यामुळे टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) बसत नाही. इमारत याहून उंच होणार नाही. बारा सभासद भाड्याच्या घरांत गेले की त्यांच्यापुरता गल्लीचा प्रश्न संपला. मागे राहतात ती बाकीची घरं. त्यांना या इमारतीतून एक चौरस फूटही मिळायचा नाही, धूळ आणि ट्रक मात्र दोन वर्षं सोसायचे आहेत.

म्हणून पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते. आमची साइट गल्लीच्या तोंडापासून सुरू होते. ते 90 मीटर अंदाजपत्रकातही धरायचे आणि वेळापत्रकातही. 'शेजारी काम अडवतात' हे प्रत्येक साइटवर ऐकू येतं. काम सुरू व्हायच्या आधी त्या शेजाऱ्यांच्या दारात कोण गेलं होतं, हे विचारलं की बहुतेक वेळा उत्तर नसतं.

13 जानेवारी, सोमवार

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका हाती आली. वळणापर्यंतचा रस्ता महापालिकेचा. वळणापासून पुढचे 40 मीटर मात्र मूळ प्लॉटधारकांच्या सोसायटीच्या नावावर, ले-आउटमधला अंतर्गत रस्ता म्हणून. म्हणजे ज्या टप्प्यात आमचे ट्रक वळणार, थांबणार आणि उलटे येणार, तो टप्पा शेजाऱ्यांच्या सामाईक मालकीचा आहे.

वकिलांशी बोलले. प्लॉटवर जायला दुसरी वाट नाही, त्यामुळे जाण्या-येण्याचा हक्क आहेच. पण 1882 च्या ईझमेंट कायद्यात कलम 29 आहे: आपल्या मिळकतीत फेरबदल करून वाटेवरचा बोजा कुणी मोठ्या प्रमाणात वाढवू शकत नाही. बारा घरांच्या स्कूटरी आणि मोटारी वेगळ्या, मिक्सर आणि डंपर वेगळे. "शेवटी निकाल तुमच्या बाजूने लागेलही," वकील म्हणाले, "पण कुणी मनाईहुकूम आणला तर तुमचा अख्खा उन्हाळा जाईल." खोदाई पावसाळ्याआधी झाली नाही तर वर्ष गेलं, हे मला कुणी सांगायला नको.

हक्क शाबीत करत बसायचं नाही. लेखी संमती घ्यायची, आणि त्यांनी सही करावी असं काहीतरी घेऊन त्यांच्यासमोर जायचं.

19 जानेवारी, रविवार

मागच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये साडेदहाला बैठक. खुर्च्या त्यांच्या, चहाही त्यांचाच. आमच्याकडून मी, आर्किटेक्ट आणि डेव्हलपर स्वतः. डेव्हलपरने यायलाच हवं असा मी आग्रह धरला होता, कारण पैशांना 'हो' म्हणायचा अधिकार साइट इंजिनिअरला नसतो आणि लोकांना ते नेमकं माहीत असतं.

सुरुवातीला नुसता संताप. तो आमच्या कामाबद्दलचा नव्हताही. पलीकडच्या गल्लीत एक इमारत झाली, तिथल्या डंपरनी रस्ता उखडला, चेंबर खचलं, आणि भोगवटापत्र मिळाल्यावर तिथला बिल्डर फोन उचलेना. त्याचं सगळं आज आम्हाला ऐकावं लागलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, लिहून घेत राहिले. राग ओसरल्यावर खऱ्या गोष्टी निघाल्या.

वळणावरच्या बंगल्यातल्या आजी सगळ्यात कमी बोलल्या. आजोबा अंथरुणाला खिळलेले, घरी ऑक्सिजन लावलेला. "अगं, तुमचा ट्रक वळणात अडकलेला असताना ह्यांना हलवायची वेळ आली तर काय करायचं, एवढं सांग. धूळबिळ मी बघून घेईन."

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंची मुलं शाळेच्या व्हॅनमधून साडेबारा ते एक या वेळात उतरतात आणि गल्लीतून रांगेत चालत येतात. पोळी-भाजी केंद्राच्या काकूंचा ओटा रस्त्याकडच्या खिडकीशी. अकरा ते एक डबे भरायची वेळ. एका घरात मुलगी दहावीला, दुसऱ्या घरात मुलगा बारावीला. बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीपासून, दहावीची 21 फेब्रुवारीपासून; 18 मार्चला दोन्ही संपलेल्या असतील.

मागच्या सोसायटीतले काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पण तो बरोबर आमच्या मर्मावर होता. "खाली काय लागणार आहे तुम्हाला?" मी खरं ते सांगितलं: वर दीड-दोन मीटर मुरूम, खाली काळा पाषाण. "म्हणजे खडक फोडायला ब्रेकर. आणि आमची इमारत विटांच्या भिंतींवर उभी आहे, आरसीसीचा सांगाडा नाही. तुमच्या हद्दीपासून आमचं स्वयंपाकघर साडेतीन मीटरवर." यावर 'काही होणार नाही' असं सांगणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता. उत्तर घेऊन येते म्हटलं.

वेळेचा पेच सगळ्यात अवघड. ध्वनिप्रदूषण नियमांत 2010 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवता येत नाहीत. तिकडे शहरातल्या मुख्य रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांना बंदी. दोन्ही पाळल्यावर हातात उरते ती दुपार. आणि दुपारी एक ते चार या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं आडवी झालेली असतात. काही ठिकाणी हसण्यावारी नेतात हा विषय. सत्तरीतला माणूस पहाटे पाचला उठलेला असतो, दुपारची झोप त्याच्या औषधपाण्याइतकीच गरजेची आहे. ते हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

27 जानेवारी, सोमवार

आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसभर. तळघराचा विषय मी काढला.

मूळ आराखड्यात पूर्ण तळघर होतं, सुमारे 520 चौरस मीटर, 3.6 मीटर खोल. खोदलेला मुरूम आणि दगड फुगतो, तो धरून 900 ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वर माल निघतो. या वळणातून मोठा हायवा डंपर येणारच नाही. सहाचाकी डंपरमध्ये 3 ब्रास धरले तर 300 खेपा, आणि तेवढ्याच रिकाम्या परत. त्याऐवजी पझल पार्किंग (यंत्राने गाड्या वर-खाली सरकवून लावायची सोय) घेतलं तर त्याचा खड्डा आणि फुटिंग (खांबांचा पाया) मिळून साधारण 300 ब्रास. खेपा शंभरावर येतात. ब्रेकरचं कामही त्याच प्रमाणात घटतं, आणि खोदाई मागच्या हद्दीपासून लांब ठेवता येते.

पझल पार्किंगची यंत्रणा महाग, वर देखभालीचा खर्च कायमचा. डेव्हलपरने आकडे दोनदा तपासायला लावले. शेवटी कोर्टकज्जाचा धोका आणि वाचणारे दोन महिने धरल्यावर हिशोब बसला. बारा सभासदांपैकी दोघांना यंत्रावर गाडी लावायची नव्हती, त्यांना खालच्या मोकळ्या जागा दिल्या.

शेजाऱ्यांचा त्रास कमी करायची सगळ्यात मोठी संधी नकाशावर असते. पत्रे, पाण्याचे फवारे, वॉचमन हे सगळं त्यानंतरचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गेले काही दिवस जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सापडत आहेत, दूषित पाण्याचा संशय आहे, सगळं शहर पाणी उकळून पितंय. आमच्या गल्लीत घराघराच्या नळजोडण्या रस्ता ओलांडून जातात आणि ड्रेनेजची लाइन चिनी मातीच्या जुन्या पाइपांची. 25 टनांच्या मिक्सरखाली एक जोडणी पिचली आणि शेजारचं चेंबर तुंबलेलं असलं तर काय होईल हे पाळणाघराच्या ताईंनी मला फोनवर विचारलं. ही भीती अवास्तव नाही. महापालिकेची परवानगी घेऊन दोन ठिकाणी खड्डे घेऊन बघणार.

3 फेब्रुवारी, सोमवार

चाचणीचे खड्डे झाले. वळणाजवळ नळजोडणी जेमतेम एक फूट खोल. तिथे चार जोडण्या नव्या पाइपात घालून खाली घ्यायच्या, वर काँक्रीट. चेंबरचं झाकण बदलून अवजड वाहनं पेलणारं, ईएचडी-35 दर्जाचं बसवायचं. खर्च आमचा. आजींच्या फाटकासमोर पोलादी प्लेट.

9 फेब्रुवारी, रविवार

आज रिकामा मिक्सर गल्लीत आणून दाखवला. आठवडाभर आधी प्रत्येक दारावर चिठ्ठी लावली होती, त्यामुळे माणसं गॅलऱ्यांत आणि फाटकांत उभी होती, मुलं कंपाउंडवर चढून बसली होती.

सुपरवायझर खडू घेऊन मिक्सरच्या मागून चालत होता. पुढचं चाक गेलं तिथे पांढरी रेघ, मागच्या जोडचाकांची रेघ लाल. वळणावर लाल रेघ पांढरीपासून जवळपास मीटरभर आत सरकली आणि थेट दगडी भिंतीकडे निघाली. ड्रायव्हर थांबला. भिंत आणि टायर यांच्यात मी हात घालून पाहिला, वीतभर जागा. पाटबंधारेवाले काका खाली वाकून म्हणाले, "भरलेला असेल तर टायर फुगतो, वीतही राहणार नाही." ड्रायव्हरने मान डोलावली. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभी असलेली एक मोटार मालकाने स्वतःहून काढली, मिक्सर जरा रुंद घेऊन पुन्हा वळवला, आणि या वेळी लाल रेघ भिंतीपासून दोन फुटांवरून गेली.

म्हणजे सगळा खेळ त्या एका मोटारीच्या जागेचा. नुसत्या बोलण्याने हे कुणालाच पटलं नसतं, मलाही नाही. खडूच्या रेघा दिवसभर तशाच ठेवल्या, संध्याकाळी कामावरून आलेल्यांनी उभं राहून पाहिल्या.

तिथेच रस्त्यावर तीन गोष्टी ठरल्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काम चालू असेपर्यंत कुणी गाडी लावायची नाही. त्या गाड्यांसाठी जवळच्या मंगल कार्यालयाचं आवार आम्ही भाड्याने घ्यायचं. मुहूर्ताच्या दिवशी ते आवार मिळणार नाही, तर त्या दिवशी मिक्सरच बोलवायचा नाही. एका वेळी गल्लीत एकच अवजड वाहन, दुसरं बाहेर मोठ्या रस्त्याच्या रुंद भागात थांबेल. आणि गल्लीतून उलटा ट्रक नाही. त्यासाठी आमच्याच हद्दीतली पुढची भिंत आणि जुन्या स्कूटर शेड आधी पाडून आत वळायला जागा करायची, फाटक 6 मीटरचं करायचं. ट्रक सरळ आत, आत वळून सरळ बाहेर. रिव्हर्सचा भोंगा दिवसातून वीसदा ऐकावा लागणार नाही, आणि पाळणाघराच्या मुलांच्या मागून ट्रक येणार नाही.

सळईचं वेगळं. 12 मीटरच्या सळईचा ट्रेलर या वळणातून येणं अशक्य. सळई दुमडून आणायची, किंवा कापून-वाकवून तयार माल छोट्या गाडीतून. पुरवठादाराला आजच कळवलं.

15 फेब्रुवारी, शनिवार

पाचशेच्या स्टॅम्पवर करार झाला. प्लॉटधारकांच्या सोसायटीच्या वतीने तिघांच्या सह्या, आमच्या वतीने डेव्हलपरची.

मजकूर दोन पानांचाच, मुद्दाम. वळणापासूनच्या 40 मीटर रस्त्याच्या पूर्ण डांबरीकरणाला लागेल तेवढी रक्कम बँकेत दोघांच्या नावे मुदत ठेवीत. भोगवटापत्र आलं म्हणून ती सुटणार नाही, रस्ता करून दिल्यावर दोघांच्या सह्यांनी सुटेल. पलीकडच्या गल्लीतल्या अनुभवावर याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. हे कलम शेजाऱ्यांचं आहे. अवजड वाहनं साडेदहा ते साडेबारा आणि साडेतीन ते पाच. ब्रेकर फक्त याच वेळात, रविवारी पूर्ण बंद. स्लॅबच्या दिवशी सलग काम करावं लागेल, त्याची तारीख चार दिवस आधी कळवायची. 18 मार्चपर्यंत तोडफोड नाही. रुग्णवाहिकेची हाक आली की ट्रक जिथे असेल तिथून मागेपुढे होईल, भरलेला असला तरी. त्यासाठी गल्लीच्या तोंडाशी आणि वळणावर झेंडीवाला, दोघांकडे वॉकीटॉकी.

वाहतुकीच्या दोन्ही वेळा मुख्य रस्त्यावरच्या बंदीच्या बाहेर आहेत. पण दोन्ही मिळून साडेतीन तासच मिळतात, म्हणून खोदाईचे दिवस वाढतील. डेव्हलपर गप्प बसून राहिले, मग सही केली. त्यांच्या त्या सहीची मला कदर आहे.

10 मार्च, सोमवार

तोडकामाआधीची पाहणी पूर्ण. हद्दीला लागून असलेल्या प्रत्येक घरात आत जाऊन भेगांचे फोटो, तारखेसह, घरमालकाच्या सहीसह. काही लोक आधी नको म्हणत होते, भिंतीवरचे पोपडे दाखवायला संकोच. जुन्या भेगा आज नोंदल्या गेल्या तर उद्या नव्या ओळखता येतील, हे सांगितल्यावर सगळ्यांनी दारं उघडली. काकांच्या स्वयंपाकघरातल्या दोन भेगांवर प्लास्टरने काचपट्ट्या चिकटवल्या. भेग हलली तर काच तडकते, वाद घालायला जागाच राहत नाही.

16 एप्रिल, बुधवार

20 मार्चला तोडकाम सुरू झालं, आज जमिनीपर्यंत आलो. राडारोडा महिन्याला 300 टनांच्या वर गेला की 2016 च्या नियमांप्रमाणे वर्गीकरण आणि आराखडा द्यावा लागतो. तो आधीच दिला होता. लाकूड, लोखंड, विटा वेगळ्या काढल्या, काँक्रीटचा माल वाघोलीच्या प्रक्रिया प्रकल्पाला. प्रत्येक डंपरवर ताडपत्री, गल्लीच्या तोंडाशी चाकं धुणं.

धूळ तरीही झाली. पत्रे, हिरवी जाळी, पाण्याचा मारा हे सगळं असूनही एप्रिलमधली दुपारची वावटळ कुणाला ऐकत नाही. पोळी-भाजीच्या काकू दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी कणकेची परात घेऊनच साइटवर आल्या. कडेवर लालसर थर बोटाने पुसून दाखवला. जुन्या विटांची धूळ. त्यांच्या बाजूच्या भिंती पाडायचं काम सकाळी सात ते दहा या वेळात हाताने, घणाने करून घेतलं, खिडकीला आमच्या खर्चाने दुहेरी जाळी आणि पारदर्शक पडदा लावून दिला. मुकादम कुरकुरला, मशिनने अर्ध्या दिवसाचं काम तीन दिवस चाललं. पण त्या बाईंचं पोट त्या ओट्यावर आहे.

6 मे, मंगळवार

काल रात्री साडेअकराला गल्लीत दोन डंपर शिरले. खोदाईच्या उपठेकेदाराने दिवसाच्या खेपा पुऱ्या पडेनात म्हणून परस्पर पाठवलेले. वॉचमनने फाटक उघडलं नाही, पण इंजिनं चालू, भोंगे, आरडाओरडा. आजींच्या घरात दिवा लागला. लोक खाली उतरले, कुणीतरी पोलिसांना फोन केला, आणि बरोबरच केलं.

मी बाराला पोहोचले. डंपर उलटे काढायला लागले, म्हणजे ठरलेली आणखी एक गोष्ट मोडली. सकाळी आठला उपठेकेदाराला बोलावून काम थांबवलं. त्याचं म्हणणं, खेपेमागे पैसे मिळतात, साडेतीन तासांत माणसाने कमवायचं काय? त्यात तथ्य आहे. खेपेवर दर दिला की रात्रीचा डंपर येणारच. दर बदलून दिवसावर केला: गाडी आणि ड्रायव्हर दिवसभर आमचे, खेपा दहा होवोत की सहा. खर्च वाढला, डेव्हलपरला मी कारण लेखी दिलं. कालच्या दोन्ही गाड्यांची रक्कम कापली आणि ती रस्त्याच्या ठेवीत जमा केली.

संध्याकाळी घरोघर जाऊन काय झालं आणि काय बदललं ते सांगितलं. एका काकांनी दार अर्धंच उघडलं. "पत्रक टाकलं असतं तर फाडलं असतं," म्हणाले, मग पूर्ण उघडलं.

14 मे, बुधवार

काकांच्या स्वयंपाकघरातली एक काचपट्टी तडकली. सव्वाअकराला त्यांचा फोन, अकरा वीसला ब्रेकर बंद. भेग केसभर वाढली आहे, इमारतीला धोका नाही असं स्ट्रक्चरल कन्सल्टंटने पाहून सांगितलं; पण थांबायचं ते थांबायचंच.

उपाय काकांनी सुचवला, धरणाच्या कामावरचा त्यांचा अनुभव. हद्दीकडच्या बाजूला ब्रेकर लावण्याआधी एका ओळीत जवळजवळ ड्रिल मारून घ्यायचे, म्हणजे खडकात सलग फट तयार होते आणि हादरा तिथेच अडतो. कन्सल्टंटने लगेच मान्य केलं. शनिवारी ड्रिलिंग, सोमवारी ब्रेकर, नवी काचपट्टी लावून.

26 मे, सोमवार

मान्सून आज पुण्यात आला, इतक्या लवकर कुणाच्याच वेळापत्रकात नव्हता. त्याआधी आठवडाभर वळवाने झोडपलंच होतं. नव्या काचपट्ट्या शाबूत, खोदाई संपली, पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) अर्ध्यावर. खड्ड्यातलं पाणी थेट गल्लीत सोडायचं नाही. गाळाच्या दोन टाक्यांतून पावसाळी गटारात. पंपाला आवाज कमी करणारी पेटी, कारण तो रात्रीही चालवावा लागेल. याबद्दल दोन्ही बाजूंच्या घरांना आधी विचारलं. काकांनी रात्री बाराला गॅलरीत उभं राहून ऐकलं आणि सकाळी निरोप पाठवला: चालेल.

3 जुलै, गुरुवार

आजोबांना रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. फुटिंगचं काँक्रीट चालू होतं, मिक्सर नेमका वळणाच्या अलीकडे, भरलेला. झेंडीवाल्याने वॉकीटॉकीवर सांगितलं, ड्रायव्हरने सरळ पुढे घेऊन आमच्या फाटकातून आत नेलं, पंपावरची मुलं बाजूला झाली. रुग्णवाहिका तोंडाशी आली तेव्हा गल्ली मोकळी होती. बाहेर थांबलेल्या दुसऱ्या मिक्सरचं काँक्रीट लादून दोन तास होत आले, तेव्हा तो परत पाठवला. सहा घनमीटर वाया गेलं. ते या कामाच्या खर्चात धरलेलं होतं, धरायलाच हवं.

आजोबा चार दिवसांनी घरी येतील असं आजींच्या मुलीने संध्याकाळी कळवलं.

22 ऑगस्ट, शुक्रवार

बुधवारी गणेशचतुर्थी. गल्लीचा मांडव दरवर्षी वळणाच्या पुढे असतो, म्हणजे आमच्या वाटेतच. मंडळाची मुलं मांडव पलीकडे सरकवायला तयार होती. आम्ही नको म्हटलं. मांडव जिथे असतो तिथेच राहील. 26 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर अवजड वाहन नाही. सळई आणि सिमेंट तोपर्यंत आत घेऊन ठेवतो, त्या दिवसांत सेंट्रिंग (स्लॅबचा साचा) आणि सळई बांधणी चालेल, ती हाताची कामं आहेत.

11 सप्टेंबर, गुरुवार

पहिला स्लॅब आज पडला. सुमारे 75 घनमीटर, तेरा मिक्सर, साडेदहाला सुरुवात आणि चार वाजून गेल्यावर शेवटचा बाहेर. दुपारच्या झोपेची वेळ मोडली, पण तारीख रविवारीच कळवली होती. पाळणाघराची मुलं ताईंनी आज मागच्या सोसायटीच्या आवारातून आणली, तिथल्या लोकांनी फाटक उघडून दिलं. साडेबारा ते एक मिक्सर बाहेरच थांबवले.

काकांच्या काचपट्ट्या बघून आले, दोन्ही शाबूत. वळणावरच्या डांबरात लाल रेघेच्या जागी आता चाकोरी पडली आहे, साधारण इंचभर. पावसाचं पाणी तिथे साठतं. डांबरीकरण शेवटी होणार असलं तरी तोवर खडी-डांबराचा थर टाकून घ्यावा लागेल, पुढच्या स्लॅबच्या आधी.

आजींच्या फाटकासमोरची पोलादी प्लेट हलते आहे. रात्री दुचाकी गेली की खडखडते, त्यांनी सांगितलं नाही, झेंडीवाल्याने सांगितलं. उद्या सकाळी साडेसातला वेल्डर बोलावला आहे.